भाषांतराचं त्रैराशिक

ऑक्टोबर १९८१ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात 'नाटो'च्या आश्रयाखाली एक परिसंवाद भरला. विषय होता कृत्रिम आणि मानवी बुद्धिमत्ता. जपान काही नाटोचा सदस्य नव्हता, पण बोलणाऱ्यांत क्योटो विद्यापीठाचे एक पंचेचाळिशीतले प्राध्यापक होते, माकोतो नागाओ. त्यांचा निबंध १९८४ मध्ये परिसंवादाच्या ग्रंथात छापून आला, तेव्हा त्यानं जेमतेम आठ पानं व्यापली. त्यात चालतं यंत्र नव्हतं, प्रयोगाचे आकडे नव्हते, गणितही फारसं नव्हतं. होती ती एक सूचना, आणि तीसुद्धा त्या काळच्या भाषांतरयंत्रांच्या पायालाच हात घालणारी. यंत्राला व्याकरण शिकवत बसू नका, असं नागाओ सुचवत होते. त्याला माणसांनी केलेल्या भाषांतरांचा साठा द्या. नवं वाक्य समोर आलं की त्याच्यासारखं जुनं वाक्य त्याला शोधू द्या, आणि दिसेल तेवढाच फरक बदलू द्या. या तत्त्वाला त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच साधर्म्याचं तत्त्व म्हटलं होतं.

ही सूचना धाडसाची का होती, हे कळायला सत्तावीस वर्षं मागं जावं लागतं.

७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमधल्या आयबीएमच्या कचेरीत जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी मिळून एक प्रात्यक्षिक केलं. रशियनचा गंध नसलेली एक कर्मचारी रोमन लिपीतली रशियन वाक्यं छिद्रपत्रांवर उतरवत होती आणि '७०१' हे अवाढव्य यंत्र त्यांची इंग्रजी वाक्यं छापून देत होतं. शब्दसंग्रह २५० शब्दांचा, व्याकरणाचे नियम सहा, वाक्यं साठाहून थोडी अधिक. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी झळकली. प्रयोगाचे सूत्रधार लिऑन डोस्टर्ट यांनी तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होईल असं सांगून टाकलं. शीतयुद्धाचे दिवस होते, रशियन शास्त्रीय नियतकालिकांचे ढीग वाढत होते आणि अमेरिकी सरकारची थैली सैल होती. वाक्यं मात्र आधीच निवडलेली होती आणि नियम त्यांच्याच मापानं बेतलेले होते. बाहेरचं वाक्य आलं की यंत्राची गाडी अडे.

दहा वर्षांनी थैलीवाल्यांना शंका आली. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन पिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९६६ मध्ये तिनं अहवाल दिला: यंत्राचं भाषांतर माणसापेक्षा संथ, कमी अचूक आणि महाग पडतं, शिवाय देशात भाषांतरकारांची टंचाईही नाही. अमेरिकेत या विषयाचा पैसा जवळजवळ रातोरात आटला.

जपाननं मात्र नाद सोडला नाही. अमेरिकेला परक्यांचं वाचायचं होतं. जपानला वाचायचंही होतं आणि वाचायला द्यायचंही होतं. गाड्या, कॅमेरे, यंत्रं जगभर निघाली होती आणि प्रत्येक खोक्यात इंग्रजी माहितीपुस्तिका घालावी लागत होती. उलट जपानी शास्त्रज्ञांचं जपानीत लिहिलेलं संशोधन बाहेर कुणी वाचत नव्हतं. १९५९ मध्येच टोकियोच्या विद्युततंत्र प्रयोगशाळेत 'यामातो' नावाचं भाषांतरयंत्र तयार झालं होतं. अडथळा होता लिपीचा. हजारो कांजी चिन्हं संगणकात घालणं हीच एक मोहीम होती. १९७८ मध्ये त्या चिन्हांचे सांकेतिक अंक राष्ट्रीय मानक म्हणून ठरले आणि त्याच वर्षी तोशिबानं पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला. किंमत ६३ लाख येन. त्यानंतर जपानी मजकूर यंत्रात मुबलक साठू लागला. उदाहरणांचा साठा ही कल्पना सुचायलाही असा साठा शक्य वाटावा लागतो.

तोवर जगात रूढ झालेली रीत अशी होती: मूळ वाक्याचं व्याकरणानुसार विश्लेषण करायचं, त्याचा सांगाडा दुसऱ्या भाषेच्या सांगाड्यात बदलायचा, मग त्यावर शब्द चढवायचे. प्रत्येक पायरीला हातानं लिहिलेले नियम. फ्रेंच-इंग्रजीसारख्या जवळच्या भाषांत हे निभून जाई. जपानी-इंग्रजीत क्रियापद एकीकडे शेवटी तर दुसरीकडे मध्ये, कर्ता वारंवार गायब, आणि शब्दांमध्ये मोकळी जागाही नाही. (मराठी वाचकाला जपानी वाक्याची चाल ओळखीची वाटेल. क्रियापद शेवटी, आणि नामाला चिकटून येणारे आपल्या 'ला', 'ने'सारखे प्रत्यय.)

खरा गुंता शब्दांच्या संगतीत होता. आपल्याकडचं 'खाणे' घ्या. माणूस भाकरी खातो, गंज लोखंड खातो, कारकून पैसे खातो, पोरगं मार खातं, शेजारी डोकं खातो आणि नवरदेव भाव खातो. नियम लिहिणारा म्हणणार, कर्म 'पैसे' असेल तर अमुक क्रियापद वापरा. मग 'लाच' आली, 'कमिशन' आलं, 'टेंडरमधले दोन टक्के' आले. नियमाला पोटनियम, पोटनियमाला अपवाद. आणि नवा अपवाद घातला की कुठला तरी जुना नियम बिघडतो. शे-दोनशे नियमांपर्यंत सांभाळता येतं. हजारांवर गेलं की कोणता नियम कशासाठी घातला होता, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

नागाओंच्या निबंधातलं उदाहरण नेमकं याच क्रियापदाचं आहे. इंग्रजीत माणूस भाजी 'ईट' करतो आणि आम्लही धातू 'ईट' करतं. जपानीत माणसासाठी 'ताबेरु' आणि आम्लासाठी 'ओकासु', म्हणजे झिजवणे, अशी दोन क्रियापदं लागतात. ही दोन वाक्यं भाषांतरासह साठ्यात आहेत असं धरा. आता 'तो बटाटे खातो' या अर्थाचं नवं इंग्रजी वाक्य आलं. यंत्र शब्दकोशवजा वर्गवारी पाहतं: 'तो' माणसाच्या घरातला, बटाटा भाजीच्या घरातला. म्हणजे पहिलं वाक्य जवळचं, म्हणून 'ताबेरु'. पुढचं वाक्य गंधकाम्ल आणि लोखंडाचं. गंधकाम्ल आम्लाजवळ, लोखंड धातूजवळ, म्हणून 'ओकासु'. त्या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ किती आणि कोणते, हे यंत्राला कुणीच सांगितलेलं नाही. चूक झाली तर नियम उसवत बसायचं नाही, आणखी एक बरोबर उदाहरण साठ्यात टाकायचं.

शाळेत त्रैराशिक घातलेल्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. तीन पदं माहीत, चौथं काढायचं. आम्ल आणि धातूच्या वाक्याचं आपल्या जपानी भाषांतराशी जे नातं, तेच गंधकाम्ल आणि लोखंडाच्या वाक्याचं कशाशी? फरक इतकाच की गणितातल्या त्रैराशिकात गुणाकार-भागाकार ठरलेले असतात. इथे 'जसं' आणि 'तसं' यांमधलं अंतर मोजायचं कसं, हाच प्रश्न.

नागाओंचा आधार तत्त्वज्ञानापेक्षा वर्गातल्या अनुभवाचा होता. परकी भाषा नव्यानं शिकणारा विद्यार्थी साध्या वाक्याचं खोल विश्लेषण करत नाही. पाठ केलेली लहान वाक्यं तो शेजारी ठेवतो, काय बदललं ते पाहतो, आणि मोठं वाक्य आलं की त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला ओळखीचा जोडीदार शोधतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. भाषाशास्त्राला हे नवं नव्हतं. जर्मन पंडित हेर्मान पाउल यांनी १८८० मध्येच भाषेतल्या बदलांमागे असं प्रमाण असतं हे दाखवलं होतं, आणि सोस्यूर यांनीही ते उचलून धरलं होतं. मराठी पोर 'धर-धरलं'वरून 'कर-करलं' बनवतं तेव्हा ते हेच गणित करत असतं. पण १९५७ नंतर चॉम्स्कींच्या प्रभावाखाली वारं फिरलं होतं. साधर्म्यानं भाषा समजावून सांगणं म्हणजे काहीच न सांगणं, असा विद्यापीठांतला सूर होता. अशा वातावरणात नागाओंची आठ पानं बाजूला पडली, यात नवल नाही.

गंमत पुढे आहे. लिऑंहून परतल्यावर लगेचच, १९८२ मध्ये, जपान सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्यानं 'म्यू' नावाचा मोठा भाषांतर प्रकल्प सुरू केला आणि त्याची धुरा नागाओंकडेच दिली. शास्त्रीय लेखांचे गोषवारे जपानीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जपानीत न्यायचे होते, मुदत चार वर्षांची होती आणि उत्तर द्यायचं होतं सरकारला. नागाओ, जुनइची त्सुजिइ आणि त्यांचे सहकारी यांनी तो प्रकल्प उभा केला तो चक्क नियमांवर! त्यासाठी व्याकरण लिहिण्याची एक खास संगणकी भाषाही तयार केली. ज्या रीतीवर वर्षभरापूर्वी शंका घेतली, तिच्यातलंच त्या काळचं एक उत्तम काम त्यांनी करून दाखवलं. याला मी विसंगती म्हणणार नाही. सरकारी मुदतीत आठ पानांच्या सूचनेवर घर बांधायला कुणी धजलं नसतं. आणि लाखो उदाहरणं साठवून क्षणात चाळील असं यंत्र तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हतंही.

दरम्यान युरोप-अमेरिकेत याच कल्पनेचं एक व्यवहारी भावंड वाढत होतं. युरोपीय संस्थांमधल्या भाषांतरकारांना तेच तेच कायदेशीर परिच्छेद पुन्हा पुन्हा भाषांतरित करावे लागत. १९७० च्या दशकाअखेरीस तिथल्या पीटर आर्थर्न यांनी जुनी भाषांतरं यंत्रात ठेवून जुळणारं वाक्य शोधून देण्याची व्यवस्था सुचवली. १९८० मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या मार्टिन के यांनीही यंत्रानं भाषांतरकाराच्या जागी बसू नये, त्याच्या शेजारी बसावं, असं मांडलं. १९८४ मध्ये श्टुटगार्टला ट्रॅडॉस ही कंपनी स्थापन झाली आणि नव्वदच्या दशकात तिचं 'ट्रान्सलेशन मेमरी'चं सॉफ्टवेअर भाषांतरकारांच्या टेबलावर पोचलं. इथे यंत्र फक्त जवळचं उदाहरण काढून देतं. फरक भरून काढायचा माणसानं. नागाओंच्या सूचनेतला पहिला अर्धा भाग बाजारात आला तो असा, आणि तोही त्यांचं नाव न घेता.

दुसरा अर्धा भाग, म्हणजे फरक यंत्रानं स्वतः भरायचा, यासाठी १९९० उजाडावं लागलं. त्या वर्षी हेलसिंकीच्या परिषदेत क्योटोचे सातोशी सातो आणि नागाओ यांनी एक निबंध मांडला. त्याआधी, १९८६ मध्ये, अमेरिकेत क्रेग स्टॅनफिल आणि डेव्हिड वॉल्ट्झ यांनी नियमांऐवजी नुसत्या आठवणींवर चालणारी तर्कपद्धती हजारो प्रक्रियक एका वेळी चालवणाऱ्या संगणकावर दाखवली होती. स्मृती स्वस्त होत होती आणि काही जणांना तिच्यात बुद्धी दिसू लागली होती. सातोंनी प्रश्न पुढे नेला: संपूर्ण वाक्याला जोडीदार मिळाला नाही तर? साठ्यात 'तो वही विकत घेतो' आहे आणि 'मी आंतरराष्ट्रीय राजकारणावरचं पुस्तक वाचतो' आहे. समोर आलं आहे 'तो आंतरराष्ट्रीय राजकारणावरचं पुस्तक विकत घेतो'. पहिल्या वाक्यातून 'वही'ची फांदी कापायची, दुसऱ्यातून 'पुस्तका'ची फांदी घ्यायची, आणि दोन्ही भाषांत एकाच वेळी कलम करायचं.

कलम जिथे बसतं तिथेच घासाघीस होते. 'मुलगा आला' या वाक्यातून 'मुलगा' उचलून 'मी कुत्र्याला पाहिलं'मध्ये 'कुत्र्या'च्या जागी ठेवला तर 'मुलगाला' तयार होतो. जर्मनमध्ये विभक्तीचा, जपानीत आदराच्या पातळीचा असाच सांधा निखळतो. या पद्धतीच्या अभ्यासकांनी या दुखण्याला सीमेवरचं घर्षण असं नाव दिलं आणि पुढची पंधरा वर्षं त्यावर तोडगे काढले. बरेच तोडगे व्याकरणाचेच होते. पुढच्या दारानं हाकललेलं व्याकरण मागच्या दारानं परत येत होतं.

सर्वांत नेटका प्रयोग झाला तो क्योटोजवळच्या एटीआर संशोधन संस्थेत. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं स्वप्न होतं दूरध्वनीवर बोलता बोलता भाषांतर करायचं, आणि सरावासाठी त्यांनी परिषदेच्या नोंदणीचे संवाद जमवले होते. एइइचिरो सुमिता आणि हितोशी इइदा यांनी १९९१ मध्ये त्यातला एकच काटा निवडला, जपानी 'नो' हा प्रत्यय. तो आपल्या 'चा-ची-चे'सारखा कुठेही बसतो: आठ तारखेची दुपार, परिषदेचा उद्देश, परिषदेचं शुल्क, आठवड्याची सुट्टी. 'तीन हॉटेलं' म्हणतानाही जपानीत तोच 'नो' येतो. इंग्रजीत मात्र कुठे 'ऑफ', कुठे 'फॉर', कुठे 'इन', तर कुठे काहीच नाही. नियमवाल्यांनी यापुढे हात टेकले होते आणि सरसकट 'ऑफ' वापरून वेळ मारून नेत होते.

सुमिता-इइदांनी सुमारे अडीच हजार उदाहरणं गोळा केली आणि अंतर मोजायला छापील पर्यायकोशाचा जिना वापरला. दोन शब्द त्या जिन्याच्या कोणत्या पायरीवर एकत्र येतात त्यावरून गुण: अगदी एकाच खणात असतील तर शून्य, मग एकतृतीयांश, दोनतृतीयांश, आणि कुठेच भेटले नाहीत तर एक. चारांपैकी तीनांहून थोडी अधिक उत्तरं बरोबर आली. त्याहून मोलाचं म्हणजे, उदाहरणं वाढवली की यश वाढत गेलं. नियमांच्या जगात भर घालणं म्हणजे धोका पत्करणं. इथे भर घालणं म्हणजे सुधारणा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात नागाओंच्या बाजूनं उभा राहिलेला सर्वांत बोलका पुरावा हाच.

पण याला साधर्म्यानं केलेला तर्क म्हणायचं का?

त्याच सुमारास मानसशास्त्रातही साधर्म्याचा विचार जोरात होता. १९६० च्या दशकात एमआयटीच्या टॉमस इव्हान्स यांनी बुद्धिमापन चाचण्यांतली 'ही आकृती त्या आकृतीला, तशी ही कोणाला' अशी कोडी सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. १९८३ मध्ये डेड्री गेंटनर यांनी आपला सिद्धांत मांडला: खऱ्या साधर्म्यात वस्तू सारख्या असण्याची गरज नसते, नाती सारखी असावी लागतात. सूर्य आणि अणुकेंद्र यांत दिसण्यासारखं काही सामाईक नाही. भोवती काहीतरी फिरतं, हे नातं सामाईक आहे. या कसोटीवर लावलं तर गंधकाम्लाला आम्लाजवळ नेऊन बसवणं फारच घरगुती काम ठरतं. आपल्या न्यायदर्शनानं उपमान हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं आणि त्यासाठी गवयाचं उदाहरण दिलं: गवय गाईसारखा असतो असं नागरिकाला कुणी सांगितलं, मग रानात तसा प्राणी दिसताच त्यानं ओळखलं की हाच गवय. एटीआरची यंत्रं गवय ओळखत होती. त्रैराशिक मांडल्याचा भास होत असला, तरी आत सारखेपणाचं मोजमाप चाललं होतं. नागाओंच्या एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी सुरुवातीपासून एकत्र नांदत होत्या, आणि पुढच्या बऱ्याच वादांचं मूळ तिथेच आहे.

अस्सल त्रैराशिक मांडलं ते ईव्ह लपाज या फ्रेंच संशोधकानं, तेही एटीआरमध्येच. १९९८ मध्ये त्यांनी 'धर : धरलं :: कर : ?' या जातीची कोडी नुसत्या अक्षरांवरून सोडवण्याची रीत दिली. २००५ मध्ये एत्येन देनुआल यांच्यासह त्यांनी तिच्यावर संपूर्ण भाषांतरयंत्र उभं केलं. प्रवाशांच्या उपयोगाची सुमारे १,६०,००० लहान वाक्यं दोन भाषांत, बस. व्याकरण नाही, शब्दकोश नाही, वाक्याचे तुकडे पाडणं नाही, हा शब्द त्या शब्दाचा असं जुळवणंही नाही. नवं वाक्य आलं की यंत्र साठ्यातल्या तीन वाक्यांशी त्याचं प्रमाण जमतं का पाहतं, आणि जमलं तर तेच प्रमाण दुसऱ्या भाषेत सोडवतं. आजवरची सर्वांत शुद्ध उदाहरणपद्धती, अशी फुशारकी त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच मारली. छोट्या, ठरावीक वळणाच्या वाक्यांवर ती चालली. लांब वाक्यांचं नेमकं प्रमाण जमवणारी तीन वाक्यं साठ्यात मिळणं दुर्मीळ असतं, आणि शुद्धतेची किंमत तिथे मोजावी लागली.

तोवर मैदान दुसऱ्यांनी मारलं होतं. आयबीएमच्या पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९८८ पासून कॅनडाच्या संसदेचे इंग्रजी आणि फ्रेंच कामकाज-वृत्तान्त घेऊन कोणत्या शब्दासमोर कोणता शब्द किती वेळा येतो याची संभाव्यता काढायला सुरुवात केली होती. साठ्यावर दोघांचीही श्रद्धा. पण नागाओपंथी उदाहरण जसंच्या तसं जपून ठेवत आणि गरजेच्या वेळी उघडत. आयबीएमवाले लाखो उदाहरणं दळून त्यांचं संख्यांत पीठ करत आणि मूळ वाक्यं टाकून देत. १९९२ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत नियमवादी आणि अनुभववादी असा उघड सामना ठेवला गेला, तेव्हा उदाहरणवाले अनुभववाद्यांच्या बाकावर असले तरी थोडे अवघडूनच बसले होते.

आकडेवाले जिंकले. त्यांच्याकडे एक समान मोजपट्टी होती, एकमेकांना देता येणारी आयती साधनं होती आणि अमेरिकी सरकारी स्पर्धा होत्या. उदाहरणवाल्यांचा प्रत्येक गट आपापली चूल मांडून होता. हॅरल्ड सोमर्स यांनी १९९९ मध्ये या पद्धतीचा आढावा घेतला तेव्हा तिची सर्वमान्य व्याख्या करणंच त्यांना जड गेलं. २००३ च्या सुमारास आकडेवाल्यांनी सुटे शब्द सोडून शब्दसमूहांचे जोड साठवायला सुरुवात केली आणि त्यांची यंत्रं उदाहरणपद्धतीसारखी दिसू लागली. २००६ मध्ये गूगल ट्रान्सलेट आलं ते याच वळणाचं.

भारतात या कल्पनेनं वेगळी वाट धरली. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी इंग्रजीतून भारतीय भाषांत जाणारी 'आंग्लभारती' नियमांवर बांधली होती. तिच्या जोडीला 'अनुभारती' उदाहरणांवर आणि उदाहरणांतून काढलेल्या साच्यांवर उभी केली. पुण्याच्या सीडॅकनं सरकारी हिंदीसाठी केलेलं 'मंत्र' मात्र व्याकरणाचाच हात धरून चाललं. मराठीची अडचण पद्धतीच्या आधीची होती. दोन भाषांत समोरासमोर ठेवलेला संगणकीय मजकूरच तुटपुंजा. युरोपाकडे संसदेचं कामकाज होतं, एटीआरनं पदरमोड करून संवाद जमवले. मराठी-इंग्रजीचा तसा मोठा साठा हाताशी नव्हता. गूगल ट्रान्सलेटमध्ये हिंदी २००८ मध्ये आली, मराठीला मे २०१३ पर्यंत थांबावं लागलं. त्रैराशिक मांडायला तीन पदं तरी हातात असावी लागतात.

त्याच २०१३ मध्ये गूगलच्या टोमास मिकोलोव आणि सहकाऱ्यांनी शब्दांना संख्यांच्या अवकाशात जागा दिली आणि 'राजा वजा पुरुष अधिक स्त्री' केलं की उत्तर 'राणी'जवळ येतं हे दाखवून साऱ्यांना चकित केलं. सुमिता-इइदांचा छापील पर्यायकोशाचा जिना आता यंत्र स्वतः बांधत होतं, तोही हजारो पायऱ्यांचा. मात्र बारकाईनं तपासणाऱ्यांना लवकरच दिसलं की प्रश्नातले शब्द उत्तरातून मुद्दाम वगळले नाहीत, तर यंत्र बऱ्याचदा त्यांच्यातलाच एखादा परत देतं. म्हणजे इथेही प्रमाण कमी आणि शेजार जास्त. गवय पुन्हा त्रैराशिकाच्या वेशात आला होता.

२०१६ मध्ये गूगल ट्रान्सलेट न्यूरल जाळ्यांवर गेलं आणि उदाहरणं पुरती विरघळली, असं वाटलं. ती चार वर्षांत परतली. २०२० मध्ये उर्वशी खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी न्यूरल यंत्राला प्रत्येक शब्द लिहिताना साठ्यातली सर्वांत जवळची उदाहरणं चाळायला लावली. पुन्हा शिकवणी न देता, नुसता साठा बदलून तेच यंत्र कायद्याच्या किंवा औषधांच्या मजकुरात सुधारलं. त्याच वर्षी आलेल्या जीपीटी-३ नं दाखवलं की चार-दोन भाषांतरित वाक्यं समोर ठेवली की त्यांच्या धर्तीवर पाचवं तयार होतं. २०२२ मधल्या प्रयोगांत कोणती वाक्यं समोर ठेवायची यावर सगळं अवलंबून असल्याचं दिसलं. गैरलागू आणि सदोष असं एकच उदाहरण अख्खं भाषांतर बिघडवायला पुरतं. नागाओ हे सगळं घडत असतानाच, मे २०२१ मध्ये, वारले. क्योटो विद्यापीठाचं कुलगुरूपद आणि २००५ चा जपान पारितोषिकाचा मान त्यांना मिळाला होताच. शिवाय २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं ते जपानच्या संसद ग्रंथालयाचे प्रमुख होते, आणि त्या काळात तिथल्या लाखो पुस्तकांचं डिजिटल रूपांतर त्यांनी रेटून नेलं.

या इतिहासाचा सर्वांत रोकडा परिणाम भाषांतरकारांच्या बिलावर झाला. ट्रान्सलेशन मेमरी आली तशी एजन्सीनं काम देण्याआधी मजकूर साठ्याशी ताडून पाहण्याची प्रथा पडली, आणि पुण्या-मुंबईत मोबाइलच्या सूचनांपासून विमा कंपनीच्या पत्रकांपर्यंत सगळं मराठीत आणणाऱ्यांनाही ती लागू झाली. सारखेपणाचं जे मोजमाप सुमिता आणि इइदा यांनी प्रत्ययाचा अर्थ लावायला केलं होतं, त्याच जातीचं मोजमाप इथे दर ठरवतं. वाक्य जसंच्या तसं आधी येऊन गेलं असेल तर नाममात्र पैसे किंवा काहीच नाही. पंचाण्णव टक्के जुळलं तर थोडे, पंच्याऐंशीला त्याहून बरे, आणि साधारण पंचाहत्तरच्या खाली गेलं की पूर्ण दर. 'मुलगाला'चं 'मुलाला' करायला जो वेळ जातो, त्याचा रकाना या तक्त्यात नसतो. आता यंत्रानं केलेला कच्चा खर्डा तपासून देण्याचा आणखी एक रकाना त्यात वाढला आहे, आणि तिथला दर पूर्ण दराहून कमीच असतो.